नदी शिकवणाऱ्या बाई

“दगड वरून काय बघताय? उलथा की!”

पदर कमरेला घट्ट खोचून, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून बाई असं ओरडायच्या आणि स्वतःच एक दगड उचलून उलटा करायच्या. त्याच्या ओल्या पोटाशी काहीतरी हलत असायचं. चतुराची अळी, गोगलगाय, नखाएवढा खेकडा. बाईंचा चेहरा खुलायचा. “घरात माणसं आहेत. म्हणजे पाणी बरं आहे.”

तुमच्याही शाळेत असं एखादं माणूस असेल, आठवून बघा. सत्तरच्या दशकात कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवत होतो आणि या बाई शास्त्र. नववीचा वर्ग घेऊन पंचगंगेवर निघाल्या की मलाही ओढून न्यायच्या. काठाच्या दरडीतले थर मुलांनी चितारलेच पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. काळी माती, खाली वाळू, त्याखाली गोटे. “नदी इथं झोपायची. उठून गेली, अंथरूण तसंच टाकून.”

काळा दगड हातात देऊन सांगायच्या, “हा एकेकाळी रश्श्यासारखा उकळत होता.”

“तांबड्या की पांढऱ्या, बाई?” एखादं कार्टं विचारायचं.

“तांबड्या. पांढऱ्याला एवढा राग नसतो.”

भुताखेतांचं त्यांना वावडं. काठावर कुणी उतारा टाकलेला दिसला की त्यातलं लिंबू उचलून म्हणायच्या, “चला, सरबत करू.” मुलं किंचाळत मागं पळायची.

ती सहल उन्हाळ्याच्या तोंडावरची. शहराच्या बाहेर, नदीला वळण आहे तिथं आम्ही दुपारी पोचलो. पाणी उतरलेलं, अगदी संथ. मुलं आत शिरली. बाईंनी दगड उलथला. खाली काही नव्हतं. दुसरा उलथला, तिसरा उलथला. घरं रिकामी.

“सर,” त्या हळूच म्हणाल्या, “बेडूक ऐकू येतोय का एखादा?”

मी कान दिला. बेडूक नाही, पाखरू नाही. मुलंसुद्धा गप्प झाली होती. सगळी काठाकडे बघत होती.

पाण्यातून खेकडे बाहेर येत होते. लहान, मोठे, भर उन्हात, न थांबता. आमच्या चपलांवरून, दप्तरांवरून ते वर शेताकडे चालले होते. मागोमाग सापासारखी लांब एक वाम सरपटत चिखलात आली आणि तोंड उघडून पडून राहिली. मासे पाण्याबाहेर तोंडं काढून उभे होते. कशाचाही आवाज नव्हता.

“सगळी बाहेर!” बाई ओरडल्या. “पाय पुसा. तोंडाला हात लावू नका.”

वरच्या अंगाला कुणीतरी नदीत काहीतरी सोडलं होतं. कुणी, काय, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पाण्यातला प्राणवायू संपतोय, एवढं बाईंनी ओळखलं. खाली हाकेच्या अंतरावर तिथल्या गावाचा पाणवठा होता. मुलांना झाडाखाली बसवून आम्ही दोघं तिकडे धावलो.

बायका घागरी भरत होत्या. बाईंनी सांगितलं, पाणी बिघडलंय, भरू नका. हात जोडले. एक म्हातारी हसली. “पावणं, आमची हयात गेली ह्या पान्यावर. दिसतंय की निवळशंख.” आणि तिनं घागर उचलली.

मग बाईंनी अंबाडा सोडला. केस तोंडावर आले. त्या डुलू लागल्या, घुमू लागल्या. माझ्या लक्षात आलं, सोंग चाललंय. मी मनात शाबासकीही दिली.

“शिवू नगासा माज्या पान्याला,” बाई म्हणाल्या. बाईंच्या तोंडी ही बोली मी कधी ऐकली नव्हती. मग म्हातारीकडे वळून, अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, “तुजं लेकरू न्हेलंय मी. तुला न्हाय न्ह्यायची.”

म्हातारीच्या हातून घागर निसटली. बाकीच्यांनी आपापल्या घागरी पालथ्या केल्या.

परत येताना मी म्हणालो, “बाई, सोंग झकास वठलं.”

त्या केस बांधत होत्या. “सुरुवात मी केली होती,” त्या म्हणाल्या. झाडाखालची मुलं दिसू लागल्यावर पुन्हा म्हणाल्या, “सर, तिचं मूल गेलेलं मला ठाऊक नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी नदी मेलेल्या माशांनी पांढरी झाली. गावात माणूस सोडा, शेरडूही दगावलं नाही. आठवड्याच्या आत त्या बायका नारळ आणि खण घेऊन शाळेत आल्या. बाईंचा चेहरा उतरला.

“अहो, मी मास्तरीण आहे. देव नव्हे.”

“व्हय, व्हय,” म्हातारी म्हणाली. “पानी कसं प्यायाचं, तेवढं सांगा.”

“गाळून, उकळून,” बाई म्हणाल्या. बायकांनी खाली वाकून नमस्कार केला. त्या गावात पुढं कित्येक वर्षं न उकळलेलं पाणी कुणी प्यायलं नाही.

बाई मात्र परत नदीत उतरल्या नाहीत. वर्गात बादलीभर पाणी ठेवून शिकवायच्या, तेही चार पावलं लांब राहून. मग आमच्याच संस्थेच्या कुरुंदवाडच्या शाळेत त्यांनी बदली मागून घेतली. मी म्हणालो, “तिथं तर पंचगंगा आणि कृष्णा, दोन्ही नद्या आहेत.”

“बोलावणं आलंय,” त्या म्हणाल्या. संस्थेचं की आणखी कुणाचं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी त्या वळणावर चित्र काढायला गेलो होतो. म्हातारी पाणवठ्यावर बसली होती, पार वाकलेली. तिनं मला ओळखलं. “ती बाई कुठं असती?”

“कुरुंदवाडला होत्या,” मी म्हणालो. बाई वारून तेव्हा वर्ष होत आलं होतं. माझं ‘होत्या’ तिला ऐकू गेलं नाही.

“म्हंजी खालच्या अंगाला,” ती म्हणाली. “तर मग आमचं पानी तिच्याकडंच जातंय की.”

ती पुढं सरकली, पाण्यावर ओणवी झाली आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशी हळू आवाजात बोलू लागली. काय, ते मला कळलं नाही. मधेच थांबायची, कान द्यायची, मान डोलवायची आणि पुन्हा बोलायची.