तिसरा ‘राहा’

मुलीच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून, देवाच्या नावाने मी जे बोललो, त्यातलं शेवटचं वाक्य देवाचं नव्हतं. माझं होतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चर्चमधल्या कोणाला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

आम्ही मॉर्मन आहोत, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका अमेरिकन पंथाचे. मूळचे नागपूरचे, आता कॅनडातल्या एडमंटनचे, आणि मॉर्मन. एवढं कळलं की इथल्या मराठी मंडळातले लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, म्हणजे चार-चार बायका चालतात का? दुसरा, म्हणजे चहासुद्धा नाही? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आहे. लोक हादरतात ते दुसऱ्या उत्तराने.

इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात मी कामानिमित्त आठवडा-आठवडा उत्तरेकडे साइटवर असायचो. बायको तान्ह्या मुलीला घेऊन एका बेसमेंटमध्ये. ओळख कोणाची नाही, गाडी चालवता येत नाही. अशात टाय लावलेले दोन तरुण दारात उभे राहिले. धर्माचं बोलण्याआधी त्यांनी दारासमोरचा बर्फ फावड्याने उपसला. मग त्यांच्या चर्चमधल्या बाया सूप घेऊन आल्या, मुलीला ताप आला तेव्हा रात्रभर बसल्या. बायकोचा विश्वास तिथे बसला आणि तो आजतागायत हललेला नाही. वर्षभराने मीही पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतला. तो विश्वास होता की उपकाराची जाण, हे मी तेव्हा तपासलं नाही. नंतर तपासायची भीती वाटायला लागली.

इथवर सगळं निभलं असतं. पण मग घरात फोन आला. म्हणजे फोन होताच, पण बायकोने त्यावर स्वतःचं पेज काढलं. परदेशातली मराठी मॉर्मन आई, तिचा पाव, तिच्या गोधड्या, तिचं कुटुंब. हळूहळू हजारो बाया ते बघू लागल्या आणि आमच्या घरात काहीही नुसतं घडेनासं झालं. जेवायला बसायचं तर आधी ताटाचा फोटो. सोमवारची संध्याकाळ आमच्यात कुटुंबासाठी राखून ठेवलेली असते. प्रार्थना, एखादं गाणं, काहीतरी खेळ. तर त्या खेळात मी हसलो नाही म्हणून तो खेळ परत.

“अहो, नैसर्गिक हसा ना!”

“नैसर्गिक कसं हसणार? तिसऱ्यांदा हरतोय मी.”

“असं काहून करून राहिले तुम्ही? दोन मिनिटांचं काम आहे.”

एकदा तिने गवती चहा उकळला. आलं, तुळस, गवती चहा, बस. त्यात चहाची पत्ती नावालाही नाही. पण तिने खाली नाव लिहिलं ‘नागपुरी चहा’. झालं. कुठकुठल्या बाया तुटून पडल्या. मॉर्मन घरात चहा? एकीने गवताचं शास्त्र सांगितलं, दुसरीने धर्मशास्त्र, तिसरीने तुमच्यासाठी प्रार्थना करते म्हणून लिहिलं. आमची बायको दोन दिवस उत्तरं देत बसली आणि घरात आम्ही बापलेक टोस्ट खात होतो.

मुलगी त्या वेळी म्हणाली, “बाबा, शेवटी गवतावरून आपण नरकात जाणार.” मी इतका हसलो की ठसका लागला. ते कोणी शूट केलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण त्या घरात माझ्याशी फोन खाली ठेवून बोलणारं माणूस ती एकटीच होती.

एकोणीस पूर्ण झाल्यावर तिने मिशनला जायचं ठरवलं. आमच्यात तरुण मुलं-मुली धर्मसेवेला जातात. मुलींसाठी दीड वर्ष. कुठे पाठवतील ते आपल्या हातात नसतं. तिला ते लहानपणापासून हवं होतं. अर्ज भरून तयार होता. पाठवण्याआधी ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, “बाबा, मला ब्लेसिंग दे. मराठीत दे.”

हे नीट सांगायला हवं. आमच्यात बापाला एक अधिकार दिलेला असतो. मूल खुर्चीवर बसतं, बाप मागे उभा राहून डोक्यावर हात ठेवतो आणि मनात जे येईल ते देवाच्या वतीने बोलतो. आधी जुळवाजुळव करायची नाही. मी हे अनेकदा केलं होतं, इंग्रजीतून. इंग्रजीतली ठरलेली वाक्यं मला पाठ होती. त्या वाक्यांत मी नसायचोच, त्यामुळे खोटं बोलल्यासारखं कधी वाटलं नाही. मराठीत माझ्यापाशी असं काही पाठ नव्हतं. होता तो फक्त आपल्याकडे वाकून नमस्कार केल्यावर मोठी माणसं देतात तो आशीर्वाद.

बायकोने फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. “हे पवित्र असतं, हे शूट नाही करायचं,” असं तीच म्हणाली. मी हात ठेवले. मुलीचे केस नुकतेच धुतलेले, ओलसर होते. मी म्हणालो, “सुखी राहा. निरोगी राहा.” मग थांबलो. आणि म्हणालो, “आईच्या जवळ राहा.”

ओघात आलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. दोन ‘राहा’ झाले, तिसरा आपोआप आला. आपली भाषाच तशी आहे, आशीर्वाद आणि हुकूम एकाच क्रियापदात बसतात. पण खरं ते नाही. मी थांबलो होतो ना, त्या थांबण्यात मला पूर्ण माहीत होतं मी काय बोलणार आहे. आणि आईचं नाव मी नुसतं पुढे केलं. बायकोला तर मुलीने जायलाच हवं होतं. मुलीशिवाय त्या घरात राहायची हिंमत नव्हती ती मला.

मुलगी रडली. बायकोही रडली, आणि मग देवाची इच्छा म्हणून तिने ते मानलं. अर्ज गेला नाही. मुलीने इथल्याच कॉलेजात नाव घातलं आणि आठवड्याभराने ते तिन्ही ‘राहा’ इंग्रजीत करून स्वतःच्या पेजवर टाकले. मागे पाइनची झाडं, वर नक्षीदार अक्षरं. त्याखाली बदामांचा पूर आला. कोण कुठल्या मुली, ‘आज मला हेच ऐकायचं होतं’ म्हणून लिहीत होत्या. माझा स्वार्थ अनोळखी लोक एकमेकांना पाठवत होते. बायकोने तर जुन्या साड्यांची गोधडी शिवली, त्यावर तेच शब्द देवनागरीत भरले आणि हॉलमध्ये भिंतीवर लावली. मी जेवतो त्याच्या बरोबर समोर.

एकदा धीर करून तिला म्हणालो, “अगं, त्या शब्दांचं एवढं कौतुक करू नकोस. ते काही एवढे…”

“हाच तुमचा नम्रपणा!” ती म्हणाली. संध्याकाळी पेजवर माझ्या नम्रपणावर एक परिच्छेद होता, सोबत मी भांडी घासतानाचा फोटो. डोकं आपटावंसं वाटलं. पण कोणावर चिडणार? तिने काहीच खोटं लिहिलेलं नव्हतं. तिला जे ठाऊक होतं ते लिहिलं होतं.

या ऑक्टोबरात मी मुलीला एलआरटीच्या, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनच्या, स्टेशनवर सोडायला निघालो होतो. वाटेत तिने फोन बॅगेत टाकला. मग म्हणाली, “बाबा, ब्लेसिंग देताना तुला कसं कळतं?”

“काय?”

“की आता तो बोलतोय, तू नाही.”

सिग्नल हिरवा झाला, मी गाडी पुढे काढली.

“बिकॉज आय स्टिल वॉन्ट टू गो,” ती म्हणाली. “रोज वाटतं. सो समथिंग इज राँग विथ मी, राइट? देवाने इतकं स्पष्ट सांगितलंय आणि मला ते ऐकायचंच नाहीये.”

याहून चांगली संधी कोणाला मिळते? गाडीत आम्ही दोघंच. तिने दार सताड उघडून दिलं होतं. मी म्हणालो, “यंदा विंटर टायर लवकर बसवून घ्यायला हवेत.”

स्टेशन आलं तशी तिने बॅग उचलली. “ओके, बाबा,” म्हणाली आणि उतरून गेली.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारची गोष्ट. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये प्रवचन नसतं, ज्याला वाटेल तो उठून आपल्या विश्वासाबद्दल बोलतो. मुलगी उठली. माइकसमोर उभी राहून म्हणाली की मिशनला जायची इच्छा माझ्या मनातून काढून टाक, अशी प्रार्थना मी आता करते. उत्तर मिळालेलं असताना पुन्हा पुन्हा तेच मागणं हा माझा अहंकार होता, असंही म्हणाली. आवाज मुळीच हलला नाही तिचा. मागच्या बाकावर कोणीतरी नाक पुसलं. बायकोने माझा हात दाबला. मी सगळ्यांबरोबर ‘आमेन’ म्हणालो. आपल्या मुलीच्या न केलेल्या अपराधावर आमेन!

त्या दिवसापासून मी स्वतःवर इतका वैतागलेलो आहे की जेवताना घास गिळवत नाही. बायको विचारते, बरं नाही का? मी म्हणतो, ॲसिडिटी. ती आल्याचा काढा करून देते.

मिशनला जायचं मुलीचं वय अजून गेलेलं नाही. अर्ज अजूनही पाठवता येतो. तिने जावं की जाऊ नये, हे आता मी ठरवायचं नाही. पण स्वतःला दोष देणं तिने थांबवावं, हे माझ्याच हातात आहे. तिला हे कळल्यावर ती आपल्या डोक्यावर ठेवलेल्या माझ्या हातांना पुन्हा कधी जवळ करणार नाही, आणि कदाचित मलाही नाही. ते मला मान्य करावं लागेल.

एवढं सगळं लिहून झालं, पण तिला सांगायचं ते राहिलंच आहे. मी तिचं एक वाक्य देणं लागतो. इथे राहा असं देव म्हणाला नव्हता. मी म्हणालो होतो, आणि ते माझ्यासाठी म्हणालो होतो.