विल्फ पुढच्या दाराशी
आमच्या हार्थवेलमध्ये पुढचं दार उघडतं ते पाद्री, पोलीस आणि शवपेटीसाठी. बाकी सगळी दुनिया मागच्या दारानं, न ठोठावता, चिखलाच्या बुटांनी थेट स्वयंपाकघरात. माझ्या नवऱ्यानं, विल्फ ओल्ड्रॉइडनं, त्यात चौथ्याची भर घातली: रग्बी क्लबचा माणूस. म्हणजे तो स्वतःच.

रग्बी म्हणजे आमची, तेरा जणांची. ती साहेबलोकांची पंधरा जणांची माझ्यापुढे काढू नका, डोकं उठतं. आठवडाभर विल्फ खाणीत कोळसा काढायचा आणि रविवारी पहिल्या फळीत, प्रॉपच्या जागी, दुसऱ्या गावच्या बैलांशी टक्कर घ्यायचा. नाक दोनदा मोडलेलं, पण काय दिसायचा म्हणून सांगू! घरात मालिशच्या तेलाचा इतका वास, की पुडिंगलाही तोच लागायचा. मी करवादायचे. आता विल्फ नाही, आणि तो वास कुठून आला की माझे पाय जागच्या जागी थांबतात.

मग एका मंगळवारी सरावाला गेला, तर त्याच्या खुंटीवर दुसऱ्याचे बूट. एवढंच. संघातून काढलंय, हे तोंडानं कोणी सांगितलं नाही. ज्यांच्यासाठी इतकी वर्षं कान चेचून घेतले, ते बारमध्ये पाठ फिरवून उभे.

पुढे त्याच क्लबनं त्याला सेक्रेटरी केलं, आणि टीव्हीवाल्यांचा पैसा आल्यावर चीफ एक्झिक्युटिव्ह. मी म्हणायचे, "साहेब, आधी कोळशाची बादली भरा." पण ती खुंटी तो विसरला नाही. हंगाम संपला, की ज्या खेळाडूला काढायचं त्याच्या घरी हा स्वतः जायचा, टाय लावून, पुढच्या दारानं. गल्लीत त्याची गाडी थांबली की बायका पडद्याआडून बघायच्या, आज कोणाची पाळी! एका आईनं तर त्याच्या अंगावर चहा फेकला. "फार गरम नव्हता," एवढंच बोलला घरी येऊन.

आणि मग आमच्या कीथची पाळी आली. कीथही प्रॉप, बापाच्याच जागी. पण जागा एक नि पोरं दोन, आणि दुसरा सरस. कोच विल्फला म्हणाला, "तुझ्या पोराचं तू ठरव बाबा. मी तोंड उघडत नाही."

मी मात्र उघडलं. "पोटचा गोळा आहे तुझा! एक वर्ष ठेवलास तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"डोरीन, दुसऱ्यांची पोरं काढली तेव्हा तू काही बोलली नाहीस."

"तेव्हा ती दुसऱ्यांची होती!" मी म्हटलं. खोटं कशाला सांगू?

रविवारी जेवणं झाली. कीथ शेगडीपाशी पेपर वाचत बसलेला. विल्फ वर गेला, कोट-टाय चढवून खाली आला आणि मागच्या दारानं बाहेर पडला. जरा वेळानं पुढचं दार वाजलं. कडी गंजलेली, ओढता ओढता माझं नख मोडलं. दारात हाच.

"मिसेस ओल्ड्रॉइड, कीथ आहे का घरात?"

'मेल्या, डोकं फिरलं का तुझं?' अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी बाजूला झाले.

तो बसला नाही. "कीथ, पुढच्या हंगामात क्लब तुला ठेवणार नाही."

कीथ उठला. "माझं काय चुकलं?"

"काही नाही. तो पोरगा तुझ्यापेक्षा सरस आहे, बस." विल्फनं हात पुढे केला. कीथ त्या हाताकडे नुसता बघत राहिला, मग त्यानं तो धरला. विल्फ आला तसा पुढच्या दारानं गेला. मी ते दार दाणकन आपटलं.

कीथ एवढा दांडगा गडी, पण खुर्चीत बसून ढसाढसा रडायला लागला. या माणसाला जन्मात पुन्हा जेवायला वाढणार नाही, असं मी घोकत होते, तेवढ्यात मागचं दार उघडलं. विल्फनं टाय ओढून काढला, खिशात कोंबला, खुर्ची पोराला खेटून घेतली आणि त्याच्या मानेवर हात ठेवला.

"काय रे राजा, कोण आलं होतं?"

कीथनं बाहीनं नाक पुसलं. "क्लबचा माणूस. काढलं मला."

"हलकट लेकाचा," विल्फ म्हणाला, आणि त्यालाही रडू फुटलं.