अबुधाबीच्या गोलकीपरला मी काय शिकवून बसले

थोरल्या जाऊबाई, गुडघा कसा आहे? तेल लावताय ना, की बाटली नुसती उशाशी ठेवून झोपताय? मालूवन्सं, तुमची साखर आटोक्यात आहे असं सूनबाई म्हणाली, पण पेढ्याचा पुडा तुम्ही कुठं लपवता ते मला ठाऊक आहे. बापूभावजी, तुमचा आवाज पार बसलाय म्हणे. गरम पाण्याच्या गुळण्या करा आणि मॅचला जाताना तोंडाला रुमाल बांधा. मॅचला जाऊ नका असं सांगून तुम्ही ऐकणार नाही, म्हणून ते सांगत नाही.

बाकी जे कुणी हा ब्लॉग वाचत असतील आणि दुबई-शारजाला जायचं मनात घोळवत असतील, त्यांचीही तब्येत बरी असो. इमारती बघायला जाणाऱ्यांना सांगणारे पुष्कळ आहेत. मी फुटबॉलसाठी गेले होते.

झालं असं की लेकीचा मुलगा केदार, कॉलेजच्या शेवटच्या सहामाहीला. जन्म तिकडचाच. मराठी समजतं सगळं, उत्तर इंग्रजीत. ऑक्टोबरात त्याचा फोन आला, "आजी, वी लॉस्ट अगेन." पहिल्या दोन्ही मॅच गेल्या होत्या. तिसरी जिंकली नाही तर स्पर्धेतून बाहेर. आणि कॉलेज संपलं की मुलग्याला वडिलांच्या व्हिसावर राहता येत नाही. म्हणजे नोकरी मिळाली तर तिथं, नाहीतर बिस्तरा गुंडाळा. ज्या मैदानावर लहानाचा मोठा झाला तिथला त्याचा हा शेवटचा मोसम. आमच्या कोल्हापुरात पेठेची टीम हरली की त्या संध्याकाळी चुलीवर धड भाजी शिजत नाही. मी जावईबापूंना म्हटलं, काढा माझा व्हिसा.

मुंबईहून तीन तासांचं विमान. थंडी वाजते, शाल हातात ठेवा, बॅगेत टाकू नका. लोणच्याच्या बरणीला आधी प्लास्टिक, मग चिकटपट्टी, मग जुनं लुगडं.

लेक राहते शारजाच्या अल नहदात. गॅलरीतून समोर दिसते ती दुबई, पण सकाळी गाडी काढली तर गर्दीत तिथवर पोचेतो डबा गार होतो. दुसऱ्याच दिवशी केदारनं मला मैदानावर नेलं. चांगलं हिरवंगार, वर मोठाले दिवे. मुलं केरळची, लाहोरची, इजिप्तची, दोघं फिलिपिनो. कोच टाळ्या वाजवत ओरडतो, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, चला. मी खुर्ची मागितली आणि बसले. गच्चीवरून चाळीस वर्षं बघितलेला खेळ मला कुणी शिकवला नाही, पण बापूभावजी गोलमध्ये उभे असायचे, म्हणून डोळा आपोआप बसला.

घरी येताना केदारनं विचारलं, "सो? व्हॉट्स राँग विथ अस?"

"तुम्ही सगळे बॉलच्या मागं पळता, जसं लग्नात आइस्क्रीमच्या मागं. बॉल जिथं पडणार तिथं आधी कुणीच उभं नसतं."

"एव्हरीबडी?"

"तू सगळ्यात पुढं."

मग सिग्नलला तो म्हणाला, "आजी, यू आर गोइंग टू शालनआजी, राइट? अबुधाबी?" तिसरी मॅच होती ती अबुधाबीच्या कॉलेजशी, आणि माझ्या माहेरच्या गल्लीतल्या शालनचा नातू निनाद त्यांचा गोलकीपर. त्यांची प्रॅक्टिस नुसती बघून यायची. "नो वन विल सस्पेक्ट अ नऊवारी आजी." मलाही त्यात वावगं दिसलं नाही. बघायला काय जातंय?

बुधवारी निघाले, बसपर्यंत लेक सोबत. बर दुबईत आधी देवळाच्या गल्लीत गेले. एवढ्याशा बोळात मोगऱ्याचे गजरे, उदबत्ती आणि चपलांचा ढीग, क्षणभर कोल्हापूरच्या महाद्वारात असल्यासारखं वाटलं. मीना बाजारात लेकीनं कापड दाखवलं, मी भाव करून सोडून दिलं. खाडी ओलांडायला लाकडी होडी, अब्रा म्हणतात तिला. अर्धा दिरहम, म्हणजे सहा रुपये! मी दोनदा गेले नि आले. अबुधाबीची बस तिथूनच, पंधरा दिरहम. दोन तास सरळसोट रस्ता, एका बाजूला वाळू नि दुसऱ्या बाजूलाही वाळू. पाणी जवळ ठेवा. शेजारच्या सीटवरच्या पठाणभाईनं विचारलं, "अम्मा, अकेले?" म्हटलं, "मॅच के काम से जा रही हूँ." त्यानं मान डोलवून मला खिडकी दिली.

शालन खलिफा सिटीत राहते. विमानतळाजवळ बसके बंगले, मधे मोकळ्या वाळूचे तुकडे. दारातच मिठी. "अगं इंदे, केवढी वाळलीस!" मी काही वाळलेली नाही, तिचा चष्मा बदलायला झालाय.

संध्याकाळी निनादची प्रॅक्टिस बघितली. टीम चांगली, बचाव घट्ट. पण पोरगा गोललाइनला खिळलेला. कोपऱ्यावरून उंच कॉर्नर आला की जागचा हलत नाही, बॉल डोक्याजवळ येईतो वाट बघतो. म्हटलं, सापडलं! केदारला सांगायचं, उंच टाका, हा बाहेर येत नाही.

रात्री जेवायला शालननं पांढरा रस्सा केला होता. परदेशात तसा रस्सा! निनाद मात्र ताटात भाकरी चिवडत बसला. शालन हळूच म्हणाली, "कोच म्हणालाय, आणखी एक कॉर्नर आत गेला तर बाकावर बसवतो. जेवत नाही गं नीट."

पोरानं वर बघितलं. "इंदूआजी, आय ट्राय. आय जस्ट फ्रीझ. तुम्ही बघितलं ना?"

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? मी हात धुतला आणि सोफ्यावरची उशी घेतली. "उठ. उभा राहा त्या टीव्हीपुढं." मी उशी उंच फेकायची, त्यानं पुढं येऊन घ्यायची. "नुसता येऊ नकोस. आधी ओरड. ओरडलास की पाय आपोआप सुटतात. आमचे बापूभावजी ओरडायचे तसं, माझाऽऽ!"

"माझा?"

"एवढ्यानं मांजरसुद्धा उठत नाही. पोटातून!"

"माझाऽऽ!" पोरगा ओरडला आणि उशी छातीशी घेऊन हसला. शालन दिवा पडेल म्हणून किंचाळत होती. सकाळी वाळूत खरा बॉल घेऊन पुन्हा तेच. जाताना त्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या.

परतीच्या बसमध्ये, निम्म्या वाटेत, डोक्यात उजेड पडला. मी शत्रूची भिंत बघायला गेले होते आणि तिचं भगदाड लिंपून आले होते.

घरी केदार दारातच उभा. "टेल मी!" सगळं सांगितलं. त्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "आजी! हूज साइड आर यू ऑन?"

"त्याच्या घरी जेवले होते रे. पोर उपाशी उठत होतं."

"इट्स माय लास्ट सीझन."

लेक म्हणाली, "आईला दोष देऊ नकोस, ती रस्त्यातल्या कुणालाही वाढते." तो खोलीत गेला. मी दाराबाहेरूनच सांगितलं, "निनादचं आणखी काही सांगणार नाही. तुझं एवढंच सांगते, बॉलच्या मागं पळू नकोस. कुठं पडेल तिथं जाऊन थांब."

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर दुबईत मॅच. शालनही आली होती; आम्ही दोघी शेजारी बसलो, मधे शेंगदाण्याची पुडी. निनाद नुसता सुटला होता. कॉर्नर आला की "माझाऽऽ!" आणि बॉल हातात. शालन माझी मांडी थोपटायची आणि मला आनंद झाला की केदारकडं बघून चोरट्यासारखं वाटायचं. शून्य-शून्य, वेळ संपत आलेली. बरोबरी म्हणजे केदारची टीम बाहेर.

शेवटचा कॉर्नर. बॉल उंच आला. "माझाऽऽ!" निनाद पुढं झेपावला. पण त्याचेच दोन बचावाचे बॅक, एक सुदानचा आणि एक जॉर्डनचा, त्यांना ‘माझा’ म्हणजे काय कळावं? तेही उडाले. तिघांची टक्कर, बॉल निसटला. अख्ख्या मैदानात तो शब्द कळणारा आणखी एकच जण होता. तो ऐकूनच थांबला होता, गर्दीत घुसला नव्हता. बॉल त्याच्या पायापुढं पडला. केदारनं हळूच आत ढकलला.

मी उभी राहिले, आणि शालनकडं बघून बसले. ती म्हणाली, "ओरड की गं, तुझाच आहे." मग मी ओरडले.

केदार आधी कुणाच्या गळ्यात पडला नाही. वाळूत लोळावं तसा निनाद पडला होता, त्याला हात देऊन उठवलं. काय बोलले ते कळलं नाही, पण दोघंही आमच्याकडं बघून हसत होते.

पुढची मॅच केदारची टीम हरली, तेही सांगून टाकते. त्याला आता पुण्यात नोकरी लागली आहे, कुरकुरत गेला. मला घरी येऊन दोन महिने झाले. खजूर संपले, अत्तराची बाटली सुनेनं ठेवून घेतली. विमानतळ, उंच इमारती डोळ्यापुढून पुसट व्हायला लागल्या आहेत.

परवा शालनचा फोन आला. कोचनं निनादला बाकावर बसवलं नाही. त्यानंच सगळ्या बॅकना शिकवलं. आता कॉर्नर आला की तो ओरडतो "माझाऽऽ!" आणि सुदानी, जॉर्डनी, मलबारी सगळे एका झटक्यात बाजूला होतात. बघणारे विचारतात, ही कुठली भाषा?

तेव्हा बापूभावजी, आवाज बसला म्हणून जीवाला लावून घेऊ नका. तो अबुधाबीत चांगला खणखणीत चालू आहे. एवढं वाचून झालं की उत्तर लगेच लिहा, बोलता येत नसलं तरी हात चालतोय ना? आणि त्यात निनादला एक विचारायचंय तेही सांगा: खाली घसटत येणारा बॉल आला, तर तुम्ही काय ओरडायचात?