राज्याची तब्येत आणि काकूंचं स्वयंपाकघर

आपलं राज्य त्या दुष्काळातून आणि त्यामागून आलेल्या मंदीतून सावरलं, याचं श्रेय कोणी पावसाला दिलं, कोणी मंत्र्यांना दिलं; पण त्यासाठी नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरमालकांनी काय काय सोसलं याची नोंद एकाही सरकारी अहवालात नाही. राज्य तुटीत असेपर्यंत या गृहस्थाने पूर्ण कप चहा घेतला नाही, आणि दुसऱ्यालाही घेऊ दिला नाही. मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत भाड्याने राहत होतो; त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणायचो. तिजोरीची अवस्था जाणून घ्यायला मला वर्तमानपत्र लागत नसे. सकाळी काकूंनी दिलेल्या कपात डोकावलं की पुरे.

नागपूर राजधानी होतं तेव्हा काका सचिवालयात, अर्थखात्यात कारकून होते. पुढे राज्यं नव्याने आखली गेली, राजधानी मुंबईला गेली, खात्यातली माणसं ट्रंका बांधून तिकडे गेली. काका गेले नाहीत. "राजधानीले जायचं होतं, ते गेली. मी काहून जाऊ?" असं म्हणून त्यांनी इथल्याच एका लहान कचेरीत बदली मागून घेतली आणि तिथूनच निवृत्त झाले. पण राज्याचा अर्थसंकल्प आपल्याला न विचारता होतो, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. लग्नात मान न मिळालेला मामा मांडवाच्या कडेला बसून पंगतीत काय कमी पडलं ते बघत राहतो, तसे ते दरवर्षी मुंबईकडे बघत बसायचे. फरक इतकाच, की या मामाला मुलीचं वाईट व्हावं असं कधी वाटलं नाही. राज्याला दोन पैशांची तूट आली तर त्यांना रात्री जेवण जात नसे.

दुष्काळाच्या वर्षात सरकारने काटकसरीचा आदेश काढला. नवी भरती बंद, अनावश्यक प्रवास बंद, नवी बांधकामं बंद. काकांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. तो आदेश त्यांनी कचेरीत लावला आणि संध्याकाळी घरी येऊन घरालाही लावला. भांडी घासणारी बाई बाळंतपणाला गेली, तिच्या जागी दुसरी आली नाही. काकूंचं माहेर नरखेडकडे, संत्र्यांच्या बागांत. तिथल्या फेऱ्या पुढे ढकलल्या गेल्या. घरातली मांजर व्याली तेव्हा काकांनी पिल्लांकडे बघून शांतपणे सांगितलं, की या काळात नवी पदं मंजूर करता येत नाहीत. पिल्लं काकूंच्या चुलीमागे वाढली. दूध कुठून येतं असं काकांनी एकदा विचारलं, तेव्हा काकूंनी कणीक मळता मळता "आकस्मिक खर्चातून" असं उत्तर दिलं. संसार करता करता त्या माउलीलाही अर्थखात्याची भाषा यायला लागली होती.

यातलं सगळं काकूंनी हसून चालवून घेतलं. त्यांना सलत होतं ते एकच. घर बांधायला काढलं तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, खांबांच्या सळया वर आल्या होत्या आणि पुढच्याच महिन्यात स्लॅब पडणार होता. तेवढ्यात आदेश आला. काकांनी गवंड्याला परत पाठवलं आणि भिंतींवर टिनाचे पत्रे टाकून त्यावर दगड ठेवले. नागपूरच्या उन्हाळ्यात टिनाखाली चूल पेटवणं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच कळावं. काकू डोक्यावर ओला पंचा घेऊन पोळ्या लाटायच्या, आणि शेवटची पोळी तव्यावर पडेपर्यंत पंचा वाळून कडकडीत झालेला असायचा. वरच्या सळयांना दोरी बांधून त्यांनी कपडे वाळत घालायला सुरुवात केली होती. पण स्लॅबचं नाव काढलं की काकांचं उत्तर ठरलेलं असे: "जोवर उलट आदेश येत नाही, तोवर आधीचा आदेश लागू. राज्याची तब्येत सुधरून राहिली आहे वं. थोडं थांब."

ती तब्येत तपासायच्या त्यांच्या पद्धती कुठल्याच अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडायच्या नाहीत. पहाटे गिरणीचा भोंगा जोरात वाजला की उत्पादन वाढलं, दबका वाजला की मागणी नाही. भोंगा तोच, वाजवणारा तोच, वाऱ्याची दिशा तेवढी बदलायची. पण हे त्यांना सांगण्याची माझी हिंमत नव्हती. शनिवारी ते इतवारीतल्या मिरचीच्या बाजारात जायचे. घ्यायचं काही नसायचं. भिवापूरच्या मिरचीची पोती आली असतील त्या गल्लीच्या तोंडाशी नुसतं उभं राहायचं आणि शिंका येण्याची वाट बघायची. माल भरपूर, उलाढाल जोरात, तर शिंका सणसणीत. एकदा ते मलाही घेऊन गेले. मी शिंकून शिंकून बेजार झालो, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि हा गृहस्थ माझ्या पाठीवरून हात फिरवत आनंदाने म्हणतो, "पाह्य गा, विदर्भ उठून राहिला आहे." घरी आल्यावर त्या दिवशी चहा पाऊण कप मिळाला.

मार्चमध्ये अर्थसंकल्पाच्या दिवशी ते जुना काळा कोट घालून ओसरीवर रेडिओपुढे बसायचे. बातम्यांत एखादी गोष्ट पटली तर मान हलवायचे, नाही पटली तर रेडिओकडे अशा नजरेने बघायचे की त्या निवेदकाने तिकडे मुंबईत अडखळावं. मग आम्हाला त्यांचा स्वतःचा अर्थसंकल्प ऐकवला जायचा. तो नेहमी शिलकीचा असे. काकू पदराने वारा घेत ऐकायच्या आणि शेवटी एकच प्रश्न विचारायच्या, की यात स्लॅब कुठे आहे. पुढच्या वर्षी, असं उत्तर यायचं.

अशी किती वर्षं गेली. पाऊस चांगला झाला, बाजार भरले. नरखेडचा काकूंचा भाऊ पूर्वी एसटीने, डोक्यावर पोतं घेऊन यायचा. तो एके दिवशी नव्या मोटारसायकलवर आला. तिच्याभोवती फेरी मारून काकू म्हणाल्या, की आता यापेक्षा कोणती सुधारणा पाहिजे? काका म्हणाले, एका मेहुण्यावरून राज्याचा अंदाज बांधता येत नाही. शहरात सरकारी इमारती उठताना काकूंनी बोट करून दाखवल्या, तर ती सगळी आधीच मंजूर झालेली कामं निघाली. वर्तमानपत्रात काही छापून आलं, तर बातमी म्हणजे आदेश नव्हे. माणूस खोटं बोलत नव्हता. तो खरोखर आदेशाची वाट बघत होता.

मग एका डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपूरला भरलं आणि त्यांचा जुना हाताखालचा माणूस, आता मुंबईत बराच वर चढलेला, त्यांना भेटायला घरी आला. काकांनी त्याला आग्रहाने जेवायला ठेवून घेतलं. पानं त्या टिनाखालीच मांडली होती, मीही पंगतीला होतो. काका तिजोरीबद्दल बोलत होते, तो आदराने ऐकत होता. मग त्याने वर बघितलं आणि सहज विचारलं, की साहेब, इथे स्लॅब नाही घातला? काकांनी अभिमानाने बांधकामबंदीचं सांगितलं. पाहुणा आधी हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग काकांचा चेहरा बघून त्याचा घास हातातच राहिला.

"साहेब, ती बंदी उठून किती वर्षं झाली," तो म्हणाला. "आदेश सगळ्या खात्यांना गेला होता."

सगळ्या खात्यांना. निवृत्त माणसांना नाही. काकांनी पानातला भात नुसता चिवडला. मला इतकं वाईट वाटलं की मी मुद्दाम आणखी भाजी मागितली. पाहुणा गेल्यावर ते ओसरीवर, त्याच्यासाठी घातलेला काळा कोट न काढता बसून राहिले. काकू भांडणार, इतक्या उन्हाळ्यांचा हिशेब मागणार, अशी माझी खात्री होती, आणि खरं सांगायचं तर तो त्यांचा हक्कच होता. त्या बाहेर आल्या, शेजारी बसल्या.

"मले कोणी कळवलंच नाही वं," काका म्हणाले.

"आता कळलं ना," काकू म्हणाल्या. "मंग उद्या गवंड्याले बोलवा."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. स्लॅब पडला त्या दिवशी काका धोतर खोचून सिमेंटची घमेली पुढे सरकवत होते आणि कामावरच्या प्रत्येकाला काठोकाठ भरलेला चहा देत होते. चुलीमागची पिल्लं तोवर मोठे बोके झाली होती. त्यांनाही त्याच दिवशी मंजुरी मिळाली. त्या उन्हाळ्यात काकूंनी पंचा डोक्यावर घेतला नाही. काका दुपारी खुर्ची घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसायचे, वर बघायचे आणि इथे गार वाटतं असं दोन-दोनदा म्हणायचे. मिरचीच्या बाजारात मात्र पुन्हा गेले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, आता त्यायचं ते पाहतील.

काका गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. मी दुसरीकडे राहायला गेलो, पण अर्थसंकल्पाच्या दिवशी काकूंचा निरोप चुकत नाही. मी जातो. रेडिओ स्वयंपाकघरातच असतो, स्लॅबखाली. त्या निवडणं घेऊन बसतात आणि बातम्या संपल्या की विचारतात, "कसं आहे गा राज्य?" मला तूट कळत नाही, शिल्लक कळत नाही, बातम्यांतल्या निम्म्या शब्दांचा अर्थ मी अजून काकांनाच विचारला असता.

"सुधरून राहिलं, काकू," मी म्हणतो.

"चांगलं आहे," त्या म्हणतात. "तेवढंच ऐकाले तुझे काका बसून राह्यले होते जन्मभर."

मग त्या उठतात आणि चहा ठेवतात. कप काठोकाठ भरलेला असतो.