व्हेरीची दृष्ट

मी नागपूरच्या नंदनवन भागात, घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजी बोलायचा क्लास घेते. विमानतळाजवळच्या मिहानमधल्या कंपन्यांत नोकरी लागावी म्हणून धडपडणारी पोरं-पोरीच बहुतेक येतात. मागच्या वर्षी त्यांच्यात एक विद्यार्थिनी वाढली, वय वर्षं अडुसष्ट. माझी आई. भावानं केरळची मुलगी केली. तिला मराठी येत नाही, हिंदी यथातथाच, आणि आईला मल्याळम कुठून येणार? तेव्हा आईनं ठरवून टाकलं, सुनेशी इंग्रजीत बोलायचं. आई माझ्याकडेच राहते, तरी पिशवीत वही घालून, केस विंचरून, सगळ्यांच्या आधी शेवटच्या खुर्चीवर येऊन बसायची.

तिथं तिला 'व्हेरी' हा शब्द सापडला.

हा शब्द पुढच्या शब्दाला जोर देतो, पण मिठासारखा बेतानं घालायचा, असं मी फळ्यापाशी उभी राहून बजावलं होतं. पोरांनी ऐकलं. आईनं मिठाची अख्खी बरणीच उपडी केली. व्हिडिओ कॉलवर सुनेला म्हणे, "युवर साडी व्हेरी नाइस. युवर रसम व्हेरी व्हेरी नाइस." रसम तिनं फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. एकदा तर म्हणाली, "आय व्हेरी लाइक यू." मी मागून कुजबुजले, "आई, तिथं व्हेरी चालत नाही, व्हेरी मच पाहिजे." तिकडून वहिनी हसून म्हणाली, "आय व्हेरी लाइक यू टू, अम्मा." माझं व्याकरण गेलं चुलीत.

मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? दहावीला मी शाळेत पहिली आले तेव्हा हीच बाई म्हणाली होती, "बरं झालं. हात धू अन् जेवाले बस." क्लास सुरू केला तेव्हा म्हणाली, "ठीक हाये." माझ्या बाबतीत तिची गाडी 'बरं' आणि 'ठीक'च्या पुढे कधी गेलीच नाही. इतकी वर्षं मी एका 'छान'ची वाट पाहत होते.

एका रविवारी फोन ठेवल्यावर मी भांडलेच.

"काय वं आई, सुनेले डझनभर व्हेरी, अन् मले कधी साधं 'छान' तरी म्हटलं?"

आई तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुले काहून म्हणू? आपल्या लेकराले आपल्याच तोंडानं चांगलं म्हटलं का दृष्ट लागते."

"मंग सुनेले नाही लागत?"

"ते तं इंग्रजीत हाये ना वं. इंग्रजीत कायची दृष्ट?"

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या क्लासला गृहपाठ दिला, 'व्हेरी' घालून पाच वाक्यं. वह्या तपासताना आईची वही आली. नागपूर फार तापतं, वांगी फार महाग झाली, सून फार चांगली, जावई फार कमी बोलतो. पाचवं वाक्य तिनं दोनदा खोडून लिहिलं होतं. 'माय डॉटर इज व्हेरी व्हेरी गुड टीचर.'

त्यात एक चूक होती, 'व्हेरी'च्या आधीचा 'अ' राहिला होता. मी लाल पेनाला टोपण लावलं. पोरांसमोरच माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवलेही नाहीत.

संध्याकाळी आई मीठ-मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन समोर उभी. "बस खाली."

"काहून? इंग्रजीत लागत नाही म्हणे?"

"सुनेचं अलग हाये. तू पोटची. भरोसा कोनाचा? बस."

तिनं तीनदा मूठ उतरवली आणि सगळं तापल्या तव्यावर टाकलं. ठसका आला तर दृष्ट नव्हती, नाही आला तर होती, असा आमच्या घरचा हिशोब. घरभर धूर झाला. मी खोकून खोकून बेजार, आईच्या डोळ्यांतून धारा.

पदरानं नाक दाबून ती म्हणाली, "पाह्य, ठसकाच नाही आला. व्हेरी लागली होती तुले."

मी खोकत खोकतच मान डोलावली.