चारचौघांत न सांगितलेली गाठ

सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, “हा स्यूडोॲन्युरिझम आहे.” म्हणजे हृदयाच्या ॲब्लेशनसाठी जांघेतल्या रक्तवाहिनीला पाडलेलं छिद्र बुजलं नव्हतं. त्यातून रक्त झिरपून बाजूला पिशवी तयार झाली होती. ती फुटली असती तर शोभा, माझी बायको, कुरुंद्याहून इथपर्यंत पोचलीही नसती.

मग त्यांचं लक्ष तिच्या पिवळ्या कातडीकडे गेलं. “हळद कोणी चोळली?”

“मीच लावली, साहेब,” शोभा म्हणाली.

मी माझे पिवळे हात मागं घेतले.

शोभाचं हृदय मधेच फार जोरात धावायचं. कॅथेटर ॲब्लेशनमध्ये जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन बिघडलेली जागा जाळतात. इथंच ते केलं आणि धडधड थांबली. सुट्टी देताना बजावलं होतं, उकिडवं बसू नका, जांघेत सूज आली तर लगेच फोन करा.

घरी आलो तर हळद शिजवायच्या बॉयलरची आमची पाळी आलेली. ती चुकली तर साऱ्या गावाच्या पाळ्या संपेपर्यंत थांबावं लागतं. शोभा उकिडवी बसून हळद निवडू लागली. मी बघितलं, पण ऊठ म्हणालो नाही.

“जांघेत गाठ येऊन राहिली. ठणकती,” ती म्हणाली.

मी दवाखान्यात फोन लावला. बॉयलरभोवती गडीमाणसं उभी होती. त्यांच्यासमोर बायकोच्या जांघेचं कसं बोलायचं? “पाय दुखून राहिला,” म्हणालो. तिकडून आराम सांगितला. मग मुक्या मारावर लावतो तसा गरम हळदीचा लेप मी गाठीवर चोळला. ती दात आवळून पडून होती. दुसऱ्या दिवशी गाठ पेरूएवढी झाली, तेव्हा तिला नांदेडला आणलं.

डॉक्टरांनी गाठीत थ्रॉम्बिनचं, म्हणजे रक्त गोठवणारं, इंजेक्शन दिलं. तिला पाय सरळ ठेवून पडून राहायचं होतं. मी शेजारच्या स्टुलावर बसलो. राउंडला डॉक्टर आले तेव्हा सांगून टाकलं, “साहेब, हळद मी चोळली. फोनवर जांघेऐवजी पायही मीच म्हणालो.”

“गाठ हळदीनं झाली नव्हती,” ते म्हणाले. “पण ती चोळायची नसते. आणि आम्हाला नेमकी जागा सांगायची असते.”

शोभा छताकडे बघत म्हणाली, “इथं इतक्या जणांनी पाहिली. तुमालाच काहून लाज?”

तुमच्या घरी कुणाचं ॲब्लेशन झालं असेल तर एवढंच करा. दुखेल त्या जागेचं नाव घ्या.

परवा तपासणीच्या तारखेसाठी फोन लावला. अंगणात हळद वाळत होती, भोवती तीच माणसं होती. मी मोठ्यानं म्हणालो, “जांघेतली गाठ जिरली, साहेब.” माणसं खाली बघून हळद पसरवत राहिली. घरातून शोभाचा आवाज आला, “धडधड पण न्हाई म्हणावं.”