उघडता येईल अशी पेटी

लग्न होऊन गडहिंग्लजकडून दिंद्रुडला आले तेव्हा मला या घरात दोनच प्रश्न विचारले जायचे. भूक लागली का, आणि आईची आठवण येते का. दोन्हींना मी 'नाही' म्हणायची. ते खोटं आहे हे सासूबाईंना कळायचं, त्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकायच्या. माणसं चांगली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको.

पण तिसरा प्रश्न कधी यायचा नाही. 'तुला काय वाटतं?' हा. कुणी मुद्दाम टाळत होतं असं नाही. मी आठवीतून शाळा सोडलेली. आई आजारी, भावंडं लहान, आणि हायस्कूल ओढ्यापलीकडच्या गावात; सुटली ती सुटलीच. इथं नवरा बी.कॉम. आणि सासरे म्हणजे आप्पा असे, की धान्याच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारात, त्यांच्या शब्दावर भाव ठरायचा. सगळे बोलत बसले की मी दाराशी सूप घेऊन बसायची. माझी भाषाही वेगळी होती. मी 'व्हय' म्हटलं तरी शेजारच्या बायका हसायच्या. मनातल्या मनात उत्तरं जुळवायची आणि गिळायची, अशी सवयच लागून गेली.

पुढं दुकान, मागं घर. दुकानात तेव्हा नवीनच शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. सुटं तेल जाऊन पिशव्या आल्या, खड्याचं मीठ जाऊन पाकीट आलं. आप्पा ते सगळं विकायचे, पण स्वतः काही घ्यायचं झालं की पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे. वरचा दाणा दाखवायचा असतो, म्हणायचे, आणि खालचा विकायचा असतो. हात बाहेर काढून मूठ उघडायची, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली धरायचा, आणि मगच भाव.

आमच्या ह्यांना गेमचा नाद लागला माजलगावात. धान्याचा माल घेऊन मोंढ्यात गेले की सौदा होऊन पैसे हातात येईपर्यंत वेळ असायचा. त्या वेळात हे एका कॉम्प्युटर क्लासवर जायचे. क्लास चालवणारा त्यांचा शाळेतला दोस्त. तो ह्यांना गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावून द्यायचा. आप्पांना वाटायचं, पोरगं दोन पैसे जास्त मिळावेत म्हणून थांबतंय. मला मात्र पहिल्या आठवड्यातच कळलं, कारण जेवताना ह्यांच्या डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर चालायची, आणि वळण आलं की हे खांद्यातून झुकायचे.

"काय करताय हो?" मी विचारलं.

"घाट हाय," हे म्हणाले. "जरा थांब."

त्या वर्षी जुनी स्कूटर काढून मोटरसायकल घ्यायचं ठरलं होतं. हे एके दिवशी म्हणाले, स्कूटर अजून चालती की, त्यापेक्षा कॉम्प्युटर घेऊ. दुकानाचं कामही होईल. सासूबाई म्हणाल्या, "दुकानाचं काम आजपरयंत काय भुतं करत व्हती?" पण आप्पा नाही म्हणाले नाहीत. त्याच सुमारास माझी भिशी लागली, तीही मी त्यात घातली. मला मोटरसायकलची भीतीच वाटायची. कॉम्प्युटर निदान घरात तरी राहील, असा माझा हिशोब.

खरा वाद पुढंच. आमच्या ऐपतीत एक तर औरंगाबादच्या दुकानातला कंपनीचा सीलबंद कॉम्प्युटर बसत होता, पण साधा. त्यावर शर्यतीचा गेम रडत-रखडत चालणार, कारण चित्रासाठी जे वेगळं कार्ड लागतं ते त्यात नाही, आणि ते घालायला पैसे उरत नाहीत. नाही तर क्लासवाला सुटे भाग आणून घरी जोडून देणार होता. त्यात कार्ड बसत होतं, गेम पळणार होता. पण त्यावर कंपनीचं नाव नाही आणि कंपनीचा कागद नाही.

हे म्हणायचे, जोडलेलाच. आप्पा म्हणायचे, सीलबंद.

"सुटं घिऊन जुळवायला ती काय खाट हाय?" आप्पा म्हणायचे. "लोकं आता पाकीट मागत्यात. कावून? पाकिटाला जबाबदार कुणीतरी असतंय."

"आप्पा, तुमी सोता कधी पाकिटातलं मीठ खाल्लंय का?"

"मी इकतो. खायचा सवाल वेगळा हाय."

पंधरवडाभर हेच. शेवटी चुलत नणंदेच्या लग्नाचा बस्ता काढायला औरंगाबादला जायचं होतं, तेव्हा जाताजाता दुकान बघून येऊ असं ठरलं. आप्पा, हे आणि मी. साड्या मला निवडायच्या होत्या, म्हणून मी.

दुकानात गार हवा होती आणि चपला बाहेर काढाव्यात की नाहीत ते कळेना. मी काढल्या. तिथल्या मुलाने पांढरीशुभ्र पेटी दाखवली. आप्पांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, मागं वाकून बघितलं, वरून थाप मारली. मग म्हणाले, "उघडा."

"काय काका?"

"पेटी. आत काय हाय ते बघू द्या."

"काका, सील तोडता येत नाही. सील तुटलं की वॉरंटी गेली."

"आता न्हाई, पैशे दिल्यावर उघडू."

"दिल्यावर पण नाही. आमचा माणूसच उघडणार. तुम्ही उघडलं की वॉरंटी संपली."

आप्पांनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग त्या पेटीकडे. ते चिडले नव्हते. खरोखरच कोड्यात पडले होते. "म्हंजे पैशे आमचे, जागा आमची, लाईट आमची," ते हळूच म्हणाले, "आन आत डोकवायचं न्हाई. मंग माल कुणाचा झाला?"

तो मुलगा पेटीवरचं सील बोटाने नीट दाबत राहिला. आप्पांनी त्याला हात जोडले आणि आम्ही बाहेर आलो. माझ्या चपला जागेवर होत्या, याचाच मला केवढा आनंद झाला.

समोर रसवंती होती. तिघं बाकावर बसलो. ह्यांना वाटलं, आता बाजी आपली. पण आप्पा तितके सोपे नव्हते. "हितला घ्यायचा न्हाई हे खरं," ते म्हणाले, "पर तुजा दोस्त काय जोडंल आन काय न्हाई, त्याची जिम्मेदारी कुणाची? उद्या बिघडला तर दोगंबी माज्या तोंडाकडं बगताल." मग ग्लास खाली ठेवून ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, तू सांग. पैशे तुजेबी हायेत."

मी ग्लास बाकावर ठेवला. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, चरकाचे घुंगरू वाजत होते, आणि ते दोघं खरंच थांबले होते. माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

मला माहेरचा पंपाचा स्टोव्ह आठवला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो माझ्याकडे आला होता. रोज अडायचा. मी त्याचं तोंड खोलायची, पिन मारायची, पुन्हा लावायची. गावात दुरुस्तीवाला नव्हता म्हणून तर शिकले.

"उघडता येईल असाच घ्यावा, आप्पा," मी म्हणाले. "दिंद्रुडला कंपनीचा माणूस कधी यायचा? बिघडलं तर निदान आपल्याला आत बघता तरी येईल."

आप्पांनी मान डोलावली. "झालं मंग," म्हणाले, आणि रसाचे पैसे द्यायला उठले.

परतीच्या गाडीत बस्त्याचं गाठोडं मांडीवर घेऊन मी काचेला डोकं टेकवलं होतं. आनंद झाला होता असं आता लिहावंसं वाटतं, पण तेव्हा धास्तीच होती. पहिल्यांदा विचारलं, आणि मी बोलले. आता तो कॉम्प्युटर बिघडला तर पुन्हा कोण विचारणार? गाडी गेवराईला थांबली, हे पेरू घेऊन आले, आणि मला एकसुद्धा खाववला नाही.

क्लासवाला एका रविवारी सगळे भाग घेऊन आला. त्याने लाकडी टेबल मागितलं, हात धुतले. स्क्रू सांडू नयेत म्हणून मी स्टीलची वाटी दिली, तर म्हणाला, "वहिनी, तुमीच धरा." तेव्हा मी वाटी घेऊन शेजारी उभी राहिले. हिरव्या पाटीवर एकेक गोष्ट बसत गेली. ही आठवण ठेवायची जागा, हे चित्राचं कार्ड, हे मुख्य डोकं. डोक्यावर त्याने एक छोटा पंखा बसवला.

"ह्यो पंखा फिरला पायजे बगा," तो म्हणाला. "ह्यो थांबला की डोकं तापलं, आन डोकं तापलं की सगळं आपोआप बंद. आमच्या मंडळीसारखं."

"तिला सांगू का?" हे म्हणाले.

"सांग की. ती बी हेच म्हणती, माज्याबद्दल."

गेम सुरू झाला. दुपारी दुकान बंद आणि वीज असली, की हे खेळायचे. मी भांडी आवरून मागं उभी राहायची. एकदा हे खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "तू चालव. मी बसतो." मी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. ह्यांनी माझी बोटं बाणांच्या बटणांवर ठेवली. पहिल्या वळणाला गाडी कठड्यावर, दुसऱ्या वळणाला तळ्यात. सासूबाई दारातून म्हणाल्या, "बुडीवली का? बरं झालं, धुवायला झाली." पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी जमलं. त्या गेममध्ये एक रस्ता डोंगरातला होता. दोन्ही बाजूंना झाडी, धुकं, बारीक पाऊस. माहेराहून आजऱ्याकडे जाताना लागतो तसाच. मी तोच रस्ता लावायची आणि सावकाश जायची. सगळ्या गाड्या पुढं निघून जायच्या.

"अगं, ही शर्यत हाय," हे म्हणायचे, "वरात न्हाई."

"जाऊ द्या त्यांना पुढं," मी म्हणायची. पुढंपुढं तर तो रस्ता हेच लावून द्यायचे आणि शेजारी शेंगा सोलत बसायचे. एकदा न बघताच म्हणाले, "दिवाळीला जाऊन येऊ तुज्या गावाला." मी गाडी तळ्यात घातली.

दसरा आला. आमच्या घरी दसऱ्याला हत्यारांची पूजा आप्पा स्वतः करतात. तराजू, वजनं, पोती टोचायची नळी, स्कूटर. त्या वर्षी त्या रांगेत, पाटावर, कॉम्प्युटरची पेटी. आप्पांनी तिला भस्माची तीन बोटं ओढली, बेलाचं पान ठेवलं, आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभरून वाहिल्या. तराजूवर वाहतात तशाच, सढळ हाताने.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला आणि थोड्याच वेळात बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. ह्यांनी माजलगावला फोन लावला, तर क्लासवाला सामान आणायला पुण्याला गेलेला, कधी येईल नक्की नाही. सासूबाई म्हणाल्या, "नव्याची नवलाई सरली. आता बसा चिंचोके खेळत." त्या हसत म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही. आप्पा मात्र एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. ते जेवायचे, हात धुवायचे, त्या टेबलाजवळून जाताना एकदा बघायचे आणि दुकानात जायचे. मला वाटायचं, मनात माझंच वाक्य घोळवत असतील.

तिसऱ्या दुपारी हे मोंढ्यात गेलेले, सासूबाई पडलेल्या. मी भिंतीतली पिन काढली. शिवणयंत्राच्या पेचकसाने मागचे स्क्रू काढून वाटीत टाकले. बाजूचा पत्रा सरकला. वरच्या पत्र्याला हवेसाठी भोकं होती, आणि आत, तळाशी, लाल अक्षता विखुरल्या होत्या. डोक्यावरच्या पंख्यात पातं आणि कडा यांच्यामध्ये एकच दाणा उभा अडकला होता.

केसातला आकडा काढून मी तो हळूच सोडवला. पत्रा न लावताच पिन जोडली, बटण दाबलं. पंखा फिरला. मी तिथंच खाली बसले.

"काय झालतं?"

दारात आप्पा उभे होते. कधीपासून, देव जाणे.

"कचरा होता, आप्पा," मी म्हणाले. "धूळ."

"दाव."

मूठ उघडायला नको वाटत होतं, पण ते हात पुढं करून उभेच होते. मी तो दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. आप्पा उजेडाकडे गेले. फुंकर मारली. बोटाच्या पेरावर उलटसुलट केला, जसा मोंढ्यात करतात तसा.

"कोलम," ते म्हणाले. "आपल्याच दुकानातला." आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "कचरा म्हणती. देवाला वाहिलेलं हाय गं ते." थोड्या वेळाने डोळे पुसून, त्या उघड्या पेटीत वाकून बघत म्हणाले, "बरं झालं सील नव्हतं. मीच आत तांदूळ टाकला, हे त्या कंपनीला काय तोंडानं सांगितलं असतं?"

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना जेवताना सांगितलं. स्वतः मूठभर अक्षता वाहिल्याचं सांगितलं, आणि मी 'धूळ' म्हटल्याचंही. सासूबाईंनी माझ्या ताटात अर्धी भाकरी टाकली. त्या दिवशी मला खरंच भूक होती.

तो कॉम्प्युटर पुष्कळ वर्षं चालला. मग त्यातलं एकेक बदलत गेलं, आणि एके दिवशी सगळाच गेला. पण पुढच्या दसऱ्याची सकाळ मला अजून दिसते. रांगेत तराजू, वजनं, स्कूटर, पेटी. आप्पांनी भस्म लावलं, पान ठेवलं, अक्षतांची मूठ उचलली आणि हात तसाच वर थांबला. सगळे वाट बघत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "कुठं टाकू?"

"खाली पाटावर, आप्पा."

त्यांनी पाटावर वाहिल्या.